पाण्याच्या नोंदी मागायला नगरपरिषदेत: पाच फेऱ्या आणि 2,298 रुपयांचं एक पत्र

"दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लाव, अर्ज टाक, तीस दिवसांत घरी उत्तर येतं." मला हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकानेही जन्मात माहिती अधिकाराचा अर्ज केलेला नाही, हे मला चौथ्या फेरीत कळलं. तोवर चपलेचा अंगठा तुटला होता.

ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत काविळीचे सात रुग्ण झाले. नगरपरिषदेचं म्हणणं, पाणी शुद्ध आहे, रोज तपासतो. मी म्हटलं, तपासता तर दाखवा.

माहिती अधिकार म्हणजे काय, जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा नमुना कुठे मिळतो, हे मी इथे सांगत बसणार नाही. दोन मजले चढण्याइतके गुडघे, पाण्याची बाटली, वही, पेन आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती एवढं असेल तरच निघा. स्टँप आदल्या दिवशी घेऊन ठेवा. ऐन वेळी दहाचा स्टँप पंधराला मिळतो आणि वर "घ्यायचा तर घ्या" ऐकावं लागतं.

पहिली फेरी फुकट गेली. जन माहिती अधिकारी, म्हणजे अशा अर्जांना उत्तर देणारा अधिकारी कोण, हे विचारायला पाणीपुरवठा विभागात गेले. तिथून आरोग्य विभागात पाठवलं, तिथून परत पाणीपुरवठ्यात. शेवटी एक जण म्हणाले, "साहेब मीटिंगला गेलेत ताई, उद्या या." चूक माझीच. अर्ज साहेबांच्या हातात द्यायचा नसतोच. तळमजल्यावर आवक-जावकचं टेबल असतं, तिथे द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तसंच केलं, पाच मिनिटांत काम झालं. तारीख 3 सप्टेंबर. ऑनलाइन करायला हवा होता असं म्हणणाऱ्यांसाठी: राज्याच्या पोर्टलवर आमची नगरपरिषद मला सापडली नाही. तुमची असेल तर तुम्ही भाग्यवान.

कुठला विभाग, यावरून घाबरू नका. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असली तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा असतो. कशासाठी हवंय हे विचारलं तर उत्तर देऊ नका, 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही. मी सांगितलं, आणि वीस मिनिटं प्रवचन ऐकलं. रुग्णांची नावं मात्र मागू नका. ती खाजगी माहिती म्हणून नाकारतात, आणि ते बरोबरच आहे. प्रभागनिहाय, तारीखनिहाय आकडे मागा.

मधल्या काळात जिल्ह्याच्या गावी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत जाऊन आले. एसटी वेळेवर, माणसं नीट बोलली, कुणी तंगवलं नाही. त्यामुळे त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. कामाचं एकच कळलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "ऑगस्टच्या काविळीला ऑगस्टचं पाणी काय बघता? जुलैचं बघा." पाण्यातून होणाऱ्या काविळीचे विषाणू दोन, हेपॅटायटिस ए आणि ई. ए अंगात गेल्यावर दिसायला साधारण 2 ते 7 आठवडे लागतात, ई ला 2 ते 10. नोंदी मागताना आजाराच्या तारखेपासून मागे जा. हे मला अर्जाआधी कळलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

कारण मी अर्जात लिहिलं होतं, "1 जानेवारीपासून आजपर्यंतच्या पाणी तपासणीच्या संपूर्ण नोंदींच्या प्रती." संपूर्ण! हा शब्द लिहू नका, लिहिलात तर खोडा. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि साधारण 150 शब्दांचा असावा असं आहे. मी दीडशेत बसवल्याच्या आनंदात होते आणि त्याच एका शब्दाने गाडी खड्ड्यात घातली.

6 ऑक्टोबरला पत्र आलं. 924 पानं, पानाला 2 रुपये, म्हणजे 1,848. माहिती शोधण्याचा खर्च 300. टपाल 150. एकूण 2,298 रुपये भरा, मग बघू. हाच तो टप्पा जिथून बहुतेक लोक परत फिरतात. मीही फिरणार होते. घरात म्हणाले, जाऊ दे, आता बरी झालीत पोरं.

रात्री पत्र परत वाचलं, तेव्हा डोकं सणकलं. पानाला 2 रुपये हा दर बरोबर. पण शोधण्याचा खर्च कुठल्या नियमात आहे? कुठल्याच नाही. त्यांचं रजिस्टर त्यांनाच सापडत नाही म्हणून मी 300 रुपये का द्यायचे? टपालाचे 150 कशाचे, मी "समक्ष घेईन" असं लिहिलं होतं. शिवाय 7(3) प्रमाणे रक्कम कशी काढली हे दाखवायचं असतं आणि तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची तेही लिहायचं असतं. पत्रात यातलं अक्षर नव्हतं.

आणि मग पाकीट. पत्रावर तारीख 1 ऑक्टोबर, म्हणजे मुदतीत. पाकिटावर पोस्टाचा शिक्का 4 ऑक्टोबरचा. माझे तीस दिवस 3 तारखेला संपले होते! मुदत उलटली की 7(6) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. म्हणून म्हणते, पाकीट फेकू नका. पत्र हरवलं तरी चालेल, पाकीट जपा. मी ते आता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय, मुलीच्या जन्मदाखल्याशेजारी.

आणखी एक मेख ऐका. पैसे भरायचं पत्र मुदतीत निघालं असतं, तर ते पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरत नाहीत. "विचार करू" म्हणून महिनाभर बसलात तर त्यांच्या मुदतीचं घड्याळ तेवढा काळ थांबलेलं असतं, उशीर फक्त तुमचा होतो.

चौथी फेरी भांडणाची. "ताई, साहेबांनी सही केलीय, आता बदलत नाही." प्रथम अपील हा रस्ता होता: तीस दिवसांच्या आत, वीस रुपयांचा स्टँप, आणि निकालाला तीस, फार तर पंचेचाळीस दिवस. तत्त्व म्हणून करायलाच हवं होतं. मी थकले होते, मला कागद हवे होते. दम असेल त्यांनी अपील करावं, मी करणार नाही.

मी दुसरं केलं, आणि हेच आधी करायला हवं होतं. प्रती मागायच्याच नाहीत, आधी रेकॉर्ड बघायला मागायचं. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये शासनाने परिपत्रक काढलंय, जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत म्हणून. टेबलावर कुणाला ते माहीत नव्हतं. परिपत्रकाची प्रत बरोबर न्या आणि आवाज न चढवता पुढे सरकवा. अर्ज करून पाहणी मागितलीत तरी पहिल्या तासाला शुल्क नाही. मोबाइल काढला की वाद सुरू होतो. वही काढा, टिपणं घेण्याचा हक्क कायद्यातच लिहिलेला आहे.

सोमवारी तीनला बसले. रजिस्टर आलं, कडेला वाळवी लागलेलं. ओटी टेस्टचं, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग किती येतो ते बघून उरलेला क्लोरीन लिहायचं. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा, आणि विषाणूंचा धोका असेल तर किमान 0.5, असं पिण्याच्या पाण्याचं मानकच सांगतं. जुलैचं पान उघडलं. 1 तारीख 0.2. 2 तारीख 0.2. तेच पेन, तोच तिरका दोन, सगळ्या प्रभागांना, सगळ्या दिवशी. 9 ते 12 जुलै आमच्याकडे मोठी लाईन फुटली होती, चार दिवस नळाला थेंब नव्हता, टँकरच्या रांगेत मी स्वतः उभी होते. रजिस्टरात त्या चारही दिवशी आमच्या गल्लीच्या नळाला 0.2.

खाली प्रयोगशाळेचा अहवाल टाचलेला. 17 जुलैचा नमुना, शेरा "पिण्यास अयोग्य". नगरपरिषदेच्या आवकचा शिक्का 28 जुलैचा. आणि 29 जुलैला, रजिस्टरात? 0.2.

खरं सांगते, त्या क्षणी मला राग नाही आला, उड्या माराव्याशा वाटल्या. त्यामुळे माझा सल्ला जरा चढ्या आवाजातला वाटेल, पण देते: 924 पानांपैकी मला 19 लागली. पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या, यादी केली, पाकीट समोर ठेवलं. साहेबांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि 38 रुपयेसुद्धा न घेता प्रतींवर सह्या-शिक्के करून दिले. "साक्षांकित" शिक्का प्रत्येक पानावर आहे की नाही ते तिथेच बघा. माझ्या तीन पानांवर नव्हता, परत रांगेत उभी राहिले.

निघताना रजिस्टर आणून देणाऱ्या दादांना विचारलं, नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी 0.2 कसं आलं हो?

"ताई, रकाना मोकळा ठेवला तर साहेब ओरडतात."

पुढचा अर्ज परवा टाकला. ब्लीचिंग पावडरच्या साठा रजिस्टरचा, फक्त जुलै महिन्याचा, फक्त पाहणीसाठी. स्टँप आधीच घेऊन ठेवला होता.