सादाको ओगातांवर मराठीतून पीएच.डी. करताना

राज्यशास्त्र शिकवायला लागून बरीच वर्षं झाल्यावर मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय होता, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त सादाको ओगाता यांनी १९९१ ते २००० या काळात घेतलेले निर्णय. प्रबंध मराठीतून. पदवी जाहीर झाल्यापासून आंतरराष्ट्रीय विषय मराठीतून घेऊ पाहणाऱ्या काही जणी फोन करून विचारतात की हे जमलं कसं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि ओगाता कोण होत्या हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, त्यासाठीही.

मला सेट असल्यामुळे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा (पेट) द्यावी लागली नाही. कोर्स वर्क सगळ्यांचं होतं तसं झालं. खरी कसोटी आरआरसीपुढच्या, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढच्या सादरीकरणात लागली. जिनिव्हात बसणाऱ्या एका जपानी बाईंशी आपल्या भागाचा काय संबंध, असं समितीतल्या एका सदस्यांनी सरळ विचारलं. प्रश्न रास्त होता. मी कोल्हापूरची आहे. आमच्याजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं तिथे आली आणि तिथे गांधीनगर वसलं. आज आपण तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातो. जगातले निर्वासित कुठे आणि कसे सामावले जातात, हा प्रश्न कोल्हापूरला परका नाही, एवढंच मी सांगितलं. विषय मंजूर झाला.

त्यानंतर गाइड मॅडमनी माझा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) बाजूला ठेवून एक प्रश्न विचारला. ओगातांबद्दल वर्तमानपत्रांतून आणि श्रद्धांजली लेखांतून मी जे जमवलं होतं, त्यात सगळीकडे एकच चित्र होतं: जेमतेम पाच फुटांची, मृदू बोलणारी बाई, अंगावर जड बुलेटप्रूफ जाकीट, भोवती छावणीतली मुलं. मॅडम म्हणाल्या, "दयाळूपणा दिसला. या बाईंनी ठरवलं काय, ते कुठे आहे?" पुढची सगळी वर्षं मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते. मोठ्या पदावरच्या पुरुषाने युद्धात विमानं पाठवली की आपण त्याला निर्णय म्हणतो, आणि बाईने पाठवली की माया. ओगातांच्या बाबतीत हा सरळसरळ अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

मॅडमनी मला कागदपत्रांची सुरुवात १९९१पासून करू दिली नाही. ओगातांच्या स्वतःच्या पीएच.डी.पासून करायला लावली. त्यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६३मध्ये डॉक्टरेट घेतली. विषय, १९३१-३२मध्ये मांचुरियाच्या (चीनच्या ईशान्य भागाच्या) बाबतीत जपानचं परराष्ट्र धोरण कसं ठरत गेलं. १८ सप्टेंबर १९३१ला तिथल्या मुकदेन शहराजवळ रेल्वे रुळावर स्फोट झाला. तो जपानच्याच क्वांतुंग सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी घडवला होता. त्याचं निमित्त करून या अधिकाऱ्यांनी मांचुरिया ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि टोकियोतलं सरकार प्रत्येक पावलाला मागाहून मान्यता देत गेलं. सीमेवरचे अधिकारी, राजधानीतलं लष्करी नेतृत्व आणि मुलकी सरकार या तिघांच्या ओढाताणीत निर्णयाची जबाबदारी कुणाचीच उरली नाही, हे त्या प्रबंधाने दाखवलं.

हा त्यांच्या घरातलाच इतिहास होता. १५ मे १९३२ला नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांना गोळ्या घातल्या. ते ओगातांचे पणजोबा. त्यांच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री योशिझावा केनकिची हे आजोबा. सादाको तेव्हा पाच वर्षांच्याही नव्हत्या. मोठं झाल्यावर त्यांनी त्या काळाकडे कागदपत्रं घेऊन, अभ्यासक म्हणून पाहिलं. हे वाचल्यावर माझं पहिलं प्रकरण लिहून झालं. निर्णय निसटतो कसा हे ज्यांनी तरुणपणी शिकून घेतलं, त्यांनी पुढे आपल्या हातातला निर्णय निसटू दिला नाही, हा माझा मुद्दा.

मधली वर्षं मी दोन प्रकरणांत उरकली. १९६८मध्ये स्त्रीहक्कांच्या जुन्या नेत्या इचिकावा फुसाए यांच्या शिफारशीमुळे त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला जपानच्या शिष्टमंडळात गेल्या, मुलं लहान असताना. १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या जपानी मिशनमध्ये मोठं पद, मग युनिसेफच्या कार्यकारी मंडळाचं अध्यक्षपद, १९७९मध्ये थायलंडच्या सीमेवर कंबोडियन निर्वासितांसाठी गेलेल्या जपानी पथकाचं नेतृत्व. नंतर पुन्हा टोकियोच्या सोफिया विद्यापीठात अध्यापन. डिसेंबर १९९०मध्ये आमसभेने त्यांना निर्वासित उच्चायुक्त म्हणून निवडलं, तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

साधनांबद्दल सांगते, कारण फोनवर सगळ्यात जास्त हेच विचारलं जातं. जिनिव्हाला जावं लागत नाही. उच्चायुक्त दरवर्षी आमसभेला अहवाल देतात, ते सगळे नेटवर मोफत आहेत. ओगातांची भाषणं आहेत. कार्यकारी समितीचे ठराव आहेत. शिवाय २००५मध्ये आलेलं त्यांचं स्वतःचं पुस्तक आहे. पण अहवाल वाचायचा तो काय वगळलंय हे शोधत वाचायचा. मी भिंतीवर एक लांब तक्ता लावला होता. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला त्या दिवशी त्यांच्यापुढे कोणते पर्याय होते. निकाल काय लागला ते तक्त्यात लिहायचं नाही, हा मॅडमचा नियम. निकाल माहीत असला की आपण निर्णयाला न्याय देत नाही.

या तक्त्याचा खरा उपयोग कुर्दांच्या प्रकरणात झाला. ओगाता फेब्रुवारी १९९१मध्ये रुजू झाल्या. मार्चमध्ये सद्दाम हुसेनने कुर्दांचा उठाव चिरडला आणि काही आठवड्यांत सतरा-अठरा लाख लोक डोंगरांकडे निघाले. इराणने सीमा उघडली. तुर्कस्तानने बंद केली, आणि चार लाखांहून जास्त माणसं बर्फातल्या खिंडींत अडकली. आता नियम पाहा. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित तोच, जो देशाची सीमा ओलांडतो. खिंडीतले कुर्द इराकमध्येच होते. त्यांना इराकच्या आत मदत द्यायची तर आपल्या अधिकारकक्षेबाहेर जावं लागत होतं. त्याहून अवघड गोष्ट अशी की आत मदत देणं म्हणजे तुर्कस्तानच्या बंद सीमेला एक प्रकारे संमती देणं. उद्या प्रत्येक देश म्हणेल, यांना तिकडेच ठेवा. ओगातांच्या कार्यालयातच यावरून दोन तट पडले, आणि विरोध करणाऱ्यांची बाजू तकलादू नव्हती. एप्रिलमध्ये त्या स्वतः सीमेवर जाऊन आल्या, सगळ्यांचं ऐकलं आणि आत जायचं ठरवलं. माणसं जगली तरच त्यांना आश्रयाचा हक्क वापरता येईल, हा त्यामागचा विचार. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या सैन्याने उत्तर इराकमध्ये सुरक्षित पट्टा आखला होता. काही आठवड्यांत बहुतेक लोक डोंगरांवरून उतरले आणि पुढचं काम उच्चायुक्तालयाने हाती घेतलं. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांना मदत करण्याचा रस्ता तिथून रुंद झाला. हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा लिहिलं. विरोधकांचा युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडल्याशिवाय मॅडम सही करत नव्हत्या.

बोस्नियात तर त्यांनी काम थांबवून दाखवलं. जुलै १९९२ ते जानेवारी १९९६ अशी साडेतीन वर्षं सर्ब सैन्याच्या वेढ्यातल्या राजधानी साराएव्होला विमानांनी अन्न-औषधं पोचवली गेली, सुमारे १,६०,००० टन. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनला पोचवलेल्या हवाई मदतीपेक्षाही ही जास्त काळ चालली. पण फेब्रुवारी १९९३मध्ये सर्ब सैन्य ताफे अडवत होतं आणि निषेध म्हणून साराएव्होतल्या सरकारनेही मदत नाकारली. अन्न हे राजकारणाचं हत्यार झालंय म्हटल्यावर ओगातांनी बोस्नियातलं बरंचसं काम स्थगित केलं. सरचिटणीस बुत्रोस घाली यांनी काही दिवसांत तो निर्णय जाहीरपणे फिरवला. ओगाता पदावर राहिल्या, काम पुन्हा सुरू झालं. पण साराएव्होतल्या सरकारचा मदतीवरचा बहिष्कारही मागे घेतला गेला होता.

गोमाचं प्रकरण लिहिताना मी आजारी पडेन की काय असं वाटलं. रवांडात हुतू जमातीतल्या कट्टर गटांनी तुत्सी जमातीचा वंशसंहार केला, मग तुत्सी बंडखोरांचं सैन्य जिंकलं आणि जुलै १९९४मध्ये चार-पाच दिवसांत सुमारे दहा लाख हुतू लोक पळून शेजारच्या झैरेमधल्या (आजच्या काँगोमधल्या) गोमात आले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. संडास खणता येईनात, कबरी खणता येईनात. कॉलऱ्याने आणि इतर रोगांनी काही आठवड्यांत पन्नास हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि याच छावण्यांत वंशसंहार करणारे सैनिक आणि टोळ्याही होत्या. धान्यवाटपावर त्यांचा ताबा. म्हणजे मदत द्यावी तर खुन्यांना बळ, थांबवावी तर मुलांचा जीव. काही नावाजलेल्या मदत संस्था निषेध म्हणून निघून गेल्या. ओगाता थांबल्या. सशस्त्र लोकांना वेगळं काढायला फौज द्या, अशी मागणी संयुक्त राष्ट्रांकडून कितीतरी देशांकडे गेली, जवळजवळ कुणीच माणसं दिली नाहीत. शेवटी १९९५मध्ये झैरेच्याच दीड हजार सैनिकांना पगार देऊन छावण्यांत बंदोबस्ताला उभं करावं लागलं. मानवतावादी प्रश्नांना मानवतावादी उत्तरं नसतात, हे त्या वारंवार सांगत, त्यामागे गोमा आहे. उत्तर राजकीयच असावं लागतं, आणि ते द्यायला सुरक्षा परिषद तयार नव्हती. संस्था निघून गेल्या त्या चुकल्या, असं मी लिहिलेलं नाही. त्यांना जाता येत होतं. उच्चायुक्तांना तशी सोय नव्हती, कारण छावण्यांत निम्म्याहून जास्त बायका-मुलं होती आणि त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी त्याच कार्यालयावर होती.

प्रबंध सादर करायच्या तांत्रिक भागाबद्दल थोडक्यात. जुना मजकूर श्रीलिपीत (युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटमध्ये) असेल तर सुरुवातीलाच युनिकोडमध्ये आणा, शेवटी बदलायला गेलात तर तळटिपांचे आकडे आणि जोडाक्षरं फुटतात. परकी नावं मराठीत कशी लिहायची याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. प्री-सबमिशनला, म्हणजे प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाला, ज्या शंका येतील त्या लिहून घ्या, प्रबंध तपासणारे रेफरीही साधारण तेच विचारतात.

व्हायवा खुला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थेट दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं: "डिसेंबर १९९६ला टांझानियात काय झालं?" तिथल्या सरकारने रवांडाच्या निर्वासितांनी वर्षअखेरीपर्यंत परत जावं असं जाहीर केलं, आणि त्या निवेदनावर उच्चायुक्तालयाचंही नाव होतं. लोक परत जायला तयार नव्हते, पुष्कळ जण उलट्या दिशेला पळाले. टांझानियाच्या सैन्याने त्यांना वळवलं. सुमारे पाच लाख माणसं सीमेपार रवांडात गेली. परतणं स्वेच्छेचं असावं, हे उच्चायुक्तालयाचं मूळ तत्त्व. मी म्हणाले, माझ्या मते हा ओगातांच्या कारकिर्दीतला सर्वांत कमकुवत निर्णय आहे. देणगीदार देश थकले होते, यजमान देश हात वर करत होते, वंशसंहाराचे आरोपी छावण्यांत होते, ही कारणं खरी आहेत. पण कुर्दांच्या वेळी ज्यांनी दबावातसुद्धा सगळे पर्याय मांडून घेतले, त्यांच्याच कार्यालयाने इथे यजमान सरकारच्या तारखेवर सही केली. मांचुरियाच्या प्रबंधात त्यांनी ज्याला दोष दिला, तसंच हे मागाहून मान्यता देणं होतं. परीक्षकांनी यावर बराच वेळ उलट प्रश्न विचारले. मी माझं म्हणणं बदललं नाही.

मग श्रोत्यांना संधी मिळाली. बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, आमचं गाव धरणात गेलं. आजोबांना दुसऱ्या तालुक्यात जमीन मिळाली. देशातल्या देशात विस्थापित म्हणता, त्यात आम्ही येतो का?" सभागृहात कोयनेच्या, वारणेच्या धरणग्रस्त घरांतले बरेच जण होते. मी सांगितलं, १९९८मध्ये या विषयावरचे सरचिटणीसांचे प्रतिनिधी फ्रान्सिस डेंग यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अंतर्गत विस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं मांडली. व्यापक सार्वजनिक हिताचं सबळ कारण नसताना मोठ्या विकास प्रकल्पांसाठी लोकांना हलवणं ही तत्त्वं मनमानी ठरवतात. पण तो करार नाही, कुठल्याही सरकारवर त्याचं बंधन नाही. आणि महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला तो धरणग्रस्तांच्या लढ्यांमुळे, जिनिव्हामुळे नाही.

पदवीची अधिसूचना रीतसर निघाली. प्रबंधात २०००नंतरचा भाग आलेला नाही: अमर्त्य सेन यांच्यासोबतचा मानवी सुरक्षेवरचा आयोग आणि २००३ ते २०१२ ही जायका या जपानी विकास संस्थेच्या अध्यक्षपदाची वर्षं. जायकाच्या कर्जातून आपल्याकडेही मोठी कामं झाली आहेत. मोठ्या प्रकल्पांत विस्थापितांचं काय झालं, हा प्रश्न ओगातांनी तिथे बसून कसा हाताळला, यावर मी आता वाचते आहे. ती विद्यार्थिनी या वर्षी एम.ए.ला आहे आणि तिने लघुप्रबंधासाठी स्वतःच्या गावाचं पुनर्वसन घेतलं आहे.