मंत्रचळ आणि वसवसा

माझा एकोणीस वर्षांचा भाचा मुंब्र्याहून काही दिवसांसाठी ठाण्यातल्या राबोडीला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजआधीच्या वुजूसाठी (हात-पाय-तोंड धुण्यासाठी) तो पंचवीस-पंचवीस मिनिटे नळापाशी उभा असे. कोपरापर्यंत हात धुवायचा, क्षणभर थांबायचा आणि पुन्हा मनगटापासून सुरुवात करायची. “मामू, कोपर कोरडं राहिलं असेल तर नमाज होणारच नाही ना?” हा प्रश्न त्याने एका संध्याकाळी मला चार वेळा विचारला.

हीच शंका त्याने कधीतरी मोबाइलवर विचारली होती. तेव्हापासून ‘तुमची नमाज कबूल का होत नाही’ अशा धाटणीचे व्हिडिओ त्याच्यापुढे येत राहिले, कारण माणूस एखादी गोष्ट ओढीने पाहतो की धास्तीने, हे व्हिडिओ सुचवणाऱ्या यंत्रणेला उमगत नाही. तो पाहतो, एवढेच तिला पुरते.

वास्तविक या अवस्थेला आपल्याकडे जुने नाव आहे : वसवसा, म्हणजे मनात कुजबुजत राहणारी शंका. कुरआनच्या शेवटच्या, 114व्या सूरतमध्ये मनात कुजबुजणाऱ्यापासून आश्रय मागितला आहे. शंकेमुळे खात्री रद्द होत नाही, हा फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्राचा मूलभूत नियम आहे, आणि वुजूत प्रत्येक अवयव धुण्याची सुन्नत (प्रेषितांनी घालून दिलेली रीत) तीन वेळांवर थांबते. इ.स. 934 मध्ये निवर्तलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर लिहिलेल्या ग्रंथात वसवशाला स्वतंत्र प्रकरण दिले असून अशा माणसाने एकांत टाळावा, असे सुचवले आहे. माझा भाचा मात्र रात्री दोनपर्यंत अंथरुणात एकटाच मोबाइल पाहत असे.

आमच्या इमामसाहेबांनी शहाणपणाचा सल्ला दिला : तीनदा धुऊन नळ बंद कर, मन काहीही म्हणो, आणि डॉक्टरांकडेही जा. ‘डॉक्टर’ म्हणताच बहीण हबकली. ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय असल्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मराठी घरांत मुरलेली आहे, आणि तिने तर मुलाला खरोखरच ठाण्याला पाठवले होते! शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर ती स्वतःच मराठीत बोलली, आणि मग राजी झाली. डॉक्टरांनी निदान केले मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे. उपचार ऐकून मी थक्क झालो : हात पुन्हा धुवायचा नाही, आणि त्यामुळे होणारी तगमग ओसरेपर्यंत तशीच सोसायची.

गेल्या जुम्म्याला तो सहा मिनिटांत नळापासून परतला. चेहरा घामेजला होता, उजवे कोपर डाव्या मुठीत घट्ट धरले होते, पण पाऊल मागे वळले नाही.