खबऱ्या आणि नोंदीतली वेळ : दुसऱ्या खर्ड्याची खबरबात

सोलापुरात घडणाऱ्या माझ्या कादंबरीचा दुसरा खर्डा खटल्याच्या प्रकरणांपर्यंत आलाय. कथानकाचा सांगाडा आता हलेल असं वाटत नाही, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो. अमली पदार्थ आणि खबरे यांच्यावर लिहिणाऱ्या मंडळींना यातलं बरंचसं सरळ वापरता येईल.

आधी माल. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन, म्हणजे एमडी, हा रासायनिक अमली पदार्थ पकडला, तेव्हापासून सोलापूरची गुन्हेकथा म्हटली की लोक एमडी धरूनच चालतात. मी गांजा घेतलाय. एमडी २०१५ साली एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आली आणि तिची व्यावसायिक मात्रा, म्हणजे कायदा ज्याला मोठा साठा मानतो ती, ५० ग्रॅमच्या पुढे सुरू होते. एवढा माल शर्टाच्या खिशात मावतो. गांजाला २० किलो ओलांडावे लागतात. त्याला गाडी लागते, गोदाम लागतं, हमाल लागतात, वास दाबायला वर दुसरा माल लागतो. जितकी माणसं लागतात तितक्यांच्या कानावर गोष्ट जाते, आणि खबऱ्याच्या कथेत कुणाला काय आणि कधी कळलं यावरच सगळं उभं असतं. आंध्र-ओडिशा सीमेवरचा गांजा हैदराबाद रोडनं आपल्या दारावरून पुण्या-मुंबईकडे जातो, हे इथल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही हा आणखी एक फायदा.

या जातीच्या थरारकथेत खबऱ्याची कुंडली ठरलेली असते. सुरुवातीला तो टीप देतो, धाड पडते, टोळीला वास येतो, पोलिसांतला एखादा फितूर त्याचं नाव फोडतो आणि पुस्तक दोन तृतीयांश झालं की त्याचं प्रेत सापडतं. मग साहेब पेटून उठतात. या साच्याला वेग आहे, तो मी नाकारत नाही. पण त्यात खबऱ्या मरतो तो साहेबांना राग यावा म्हणून. त्याच्या मरणाचा त्याच्या स्वतःच्या कामाशी फारसा संबंध नसतो. म्हणून या खर्ड्यात फितूर पोलीस काढून टाकला. तो गेल्यावर खरा प्रश्न उभा राहिला: कुणीच तोंड उघडलं नाही तर नाव फुटणार कसं?

कायद्याकडे बघितलं तर खबऱ्या चांगलाच झाकलेला आहे. एनडीपीएस कायदा १९८५ चं कलम ६८ सांगतं की बातमी कुठून मिळाली हे अधिकाऱ्याला सांगायला भाग पाडता येत नाही. पुरावा कायद्याच्या जुन्या कलम १२५ मध्ये हेच होतं, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये आहे. फिर्यादीत 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की' एवढंच येतं. नाव नाही, गाव नाही.

पण कलम ४२ वाचलं आणि कादंबरी सापडली. बंदिस्त जागेवर वॉरंटशिवाय धाड घालायची तर मिळालेली बातमी अधिकाऱ्यानं लिहून काढायची आणि त्याची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे पाठवायची. लिहून काढायची म्हणजे वेळ आली. ती नोंद खटल्याच्या कागदांत लागते आणि दोषारोपपत्राबरोबर कागदांच्या प्रती आरोपीला मिळतात. बातमी कुणी दिली हे त्यात नसतं, पण कधी दिली हे असतं. कोठडीत बसलेला शेठ, म्हणजे मालाचा मालक, एवढंच आठवतो की त्या वेळेपर्यंत गाडीबद्दल कुणाकुणाला ठाऊक होतं. बाकीचं काम बोटांवर मोजून होतं.

तुकडा इथं देतो. व्यंकटेश हा माझा खबऱ्या, सोलापूरच्या पूर्व भागातला, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगहून यंत्रमागाच्या शेडवर सुताचे बीम पोचवणारा टेम्पोवाला. घरी तेलुगू, बाहेर मराठी, धंद्यापुरती कन्नड. हवालदार त्याला अशोक चौकाजवळच्या चहाच्या कँटीनमागे भेटतो.

"गाडी निघाली का बे?"

"अडीचला निघाली साहेब, हुमनाबादहून. उमरग्याला थांबून येतो म्हणलाय ड्रायव्हर. दिवस बुडल्यावर गोदामात घेणार."

"कुणाकुणाला माहितंय हे?"

"शेठला, ड्रायव्हरला अन् मला."

हवालदारानं घड्याळ बघितलं. साडेतीन.

"अजून कुणाला सांगणारेत?"

"सहाला हमाल बोलवलेत की. तिघं जणं. त्यांना तेव्हाच कळंल."

हवालदारानं चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला. "मग सहाच्या आत आपण भेटलोच नाही."

हा संवाद आता पुस्तकाचा कणा झालाय. हवालदार धावत जाऊन पीएसआय मॅडमना बातमी देतो. त्या पावणेचारला सगळं ऐकतात, आणि नोंदीत वेळ घालतात सहा वाजून दहा मिनिटं. एका माणसाचा जीव वाचावा म्हणून एक खोटी वेळ. त्या क्षणी खटल्याच्या पायात भेग पडते, आणि वाचकाला ते दिसत असतं.

आमच्या बैठकीतल्या एकानं नेमका प्रश्न विचारला: मग हवालदारानं सहापर्यंत गप्प का बसू नये? वेळही खरी राहील, खबऱ्याही वाचेल. उत्तर पंचांगात आहे. तारीख १३ जानेवारी २०२५ ठेवलीय. गड्ड्याची यात्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची जत्रा, सिद्धेश्वर तलावाजवळ संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, शहरातला जवळजवळ प्रत्येक पोलीस बंदोबस्तात. अशा दिवशी सहाला बातमी आली तर साताच्या आत दोन पंच, वजनकाटा, गाडी आणि माणसं गोळा होणं अशक्य. तोवर माल छोट्या टेम्पोंतून पांगलेला असेल. मॅडमना तयारीला दुपार हवीच. यात्रा मी आधी केवळ वातावरणासाठी घेतली होती, आता ती कारण म्हणून काम करते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं वर्णन तीन पानांवरून अर्ध्या पानावर आणलं, तरी तिचं वजन वाढलं.

दुसरा प्रश्न होता कलम ४२ मधल्या सवलतीचा. २००९ च्या करनैल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की घाईच्या प्रसंगी नोंदीला उशीर झाला आणि त्याचं समाधानकारक कारण दिलं तर चालतं, अजिबात पालनच केलं नाही तर मात्र चालत नाही. म्हणजे मॅडम नोंद उशिरा करू शकल्या असत्या. पण कारण द्यायचं तर बातमी खरोखर कधी मिळाली तेही लिहावं लागतं, आणि तेवढंच तर लपवायचंय. ही वाट मॅडम स्वतः तपासून सोडून देतात असा छोटा प्रसंग घातलाय. हुशार वाचक जी फट शोधणार, ती पात्रानं आधी शोधलेली असावी, असं माझं ठाम मत झालंय. नाहीतर वाचक पुढची दहा पानं मनात भांडत बसतो.

साल ठरवण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण याकडे आपल्यातले बरेच जण दुर्लक्ष करतात. या कायद्यात साल बदललं की कथानक बदलतं. २०१८ च्या मोहन लाल निकालानं तक्रारदार आणि तपास अधिकारी एकच असला की आरोपीला फायदा मिळायचा. २०२० मध्ये मुकेश सिंग निकालात घटनापीठानं ते बाजूला सारलं. म्हणजे २०१९ मध्ये घडणाऱ्या गोष्टीत वकिलाच्या हातात जे हत्यार आहे, ते २०२१ मध्ये नाही. तपास अधिकाऱ्यासमोर आरोपीनं दिलेला कलम ६७ चा जबाब कबुली म्हणून चालणार नाही, हे २०२० च्याच तोफान सिंग निकालानं ठरवलं, त्यामुळे बंद खोलीत आरोपी कोसळून सगळं सांगतो आणि खटला संपतो हा आवडता प्रसंगही गेला. नमुने जागेवर काढून लिफाफ्यात घालण्याची दृश्यं २०२२ च्या नियमांनंतर जुनी झाली, नमुने आता न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढायचे असतात. बोटावर पावडर घेऊन जिभेला लावणारा अधिकारी तर कुठल्याच सालात नको.

मी जुलै २०२४ नंतरचा काळ घेतला तो नव्या संहितेसाठी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, शक्यतो मोबाइलवर. जुन्या कथांत पंचनामा लेखनिकाच्या हातात असायचा. आता मोबाइलचं स्वतःचं घड्याळ आहे. नोंदवहीतल्या वेळेला प्रतिस्पर्धी मिळाला, आणि त्याला धमकावता येत नाही.

रात्रीच्या धाडीचंही तसंच. थरारकथेत धाड रात्रीच पडते, अंधार बरा दिसतो म्हणून. कलम ४२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या काळात वॉरंटशिवाय आत शिरायचं तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस निसटेल असं का वाटतं, त्याची कारणं आधी लिहावी लागतात. जानेवारीत आपल्याकडे सहा-सव्वासहाला दिवस मावळतो. मॅडमची खोटी वेळ नेमकी त्या कडेवर पडते, आणि कारणांचा तो परिच्छेद लिहिताना त्यांचा हात थबकतो. अंगझडतीच्या वेळी आरोपीला राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क समजावून सांगण्याचं कलम ५० मी दोन ओळींत उरकलं. तिथं नाट्य काढता येतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या कादंबरीत.

आता ज्या बदलानं मला सगळ्यात जास्त समाधान दिलं तो. धोका धाडीच्या रात्री येत नाही. व्यावसायिक मात्रेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत असते. १३ जानेवारीपासून मोजलं तर जुलै येतो, जिल्हा आषाढीत बुडालेला असतो. तोवर व्यंकटेश निर्धास्त. त्यानं टेम्पोचे थकलेले हप्ते फेडलेत, पोरीला नवी सायकल घेतलीय. धाडीनंतर सहा महिने काहीच होत नाही, आणि ते सहा महिने मी चार प्रकरणांत लिहिलेत. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर फक्त किती दिवस झाले तो आकडा. वाचकाला नोंदीतली वेळ ठाऊक आहे, व्यंकटेशला असं काही लिहिलं जातं हेच ठाऊक नाही. आश्चर्याचा धक्का देण्यापेक्षा हे मला कितीतरी जड वाटतं.

जुलैत प्रती कारागृहात पोचतात. शेठ वाचतो: सहा वाजून दहा. तो व्यंकटेशचा विचारही करत नाही. सहाला कळलं ते तिघा हमालांना. खोट्या वेळेनं एक माणूस झाकला आणि तीन उघडे पाडले. त्यांतल्या एकाचे दोन्ही हात मोडतात. हवालदाराला हे कळतं तो प्रसंग मी सगळ्यात साध्या वाक्यांत ठेवलाय, एकही विशेषण नाही. हमालाच्या बायकोला विड्या वळताना दाखवलंय, कारण त्या घरात आता तेवढंच उत्पन्न उरलंय. हवालदार पैसे घेऊन जातो, ती विचारते, "तुमी का देताव?" आणि त्याला उत्तर देता येत नाही.

शेवट खटल्यात. बचावाचा वकील बातमी कुणी दिली हे एकदाही विचारत नाही, कलम ६८ ला हातही लावत नाही. तो वजनकाटेवाल्याला बोलता करतो. धाडीत माल मोजायला जवळच्या दुकानदाराला काट्यासकट बोलावलेलं असतं. साधा माणूस, पोलिसांच्या बाजूचा साक्षीदार. वकील सुरुवात गांजाच्या व्याख्येपासून करतो: फुलोऱ्याशिवायची सुटी पानं आणि बिया गांजात धरत नाहीत, मग तुम्ही देठ-पाला वेगळा केला होता का? सरकारी वकिलाचं सगळं लक्ष २० किलोच्या आकड्याकडे वळतं. मग सहज म्हणून: काटा घेऊन निघालात तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं का? "नव्हतं साहेब, पाचला गर्दी नसती. सगळे अक्षतेला गेलते." न्यायालयात कुणी दचकत नाही. टंकलेखक तेवढं टिपून घेतो. सहा दहाला बातमी आली, तर काटा पाचला कसा निघाला? आरोपीच्या पिंजऱ्यात शेठ मान वर करतो आणि पुन्हा मोजायला लागतो, या वेळी दुपारपासून.

अजून दोन गोष्टी अडल्यात. मॅडमची उलटतपासणी वजनकाटेवाल्याच्या आधी ठेवू की नंतर, हे ठरत नाही. आधी ठेवली तर त्यांचं खोटं शपथेवर पक्कं होतं आणि मग कोसळतं, ते जास्त क्रूर आहे. नंतर ठेवली तर त्यांना खरं बोलायची संधी मिळते, आणि खरं बोलणं म्हणजे व्यंकटेशला दाखवून देणं. माझा कल दुसऱ्या क्रमाकडे आहे. पण पंच, काटेवाला, मग तपास अधिकारी या साक्षींच्या नेहमीच्या क्रमात तो कितपत नैसर्गिक वाटेल, हे न्यायालयात बसलेल्या कुणीतरी सांगावं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. हुमनाबाद ते सोलापूर भरलेला ट्रक उमरग्याला थांबून किती वेळात येतो, हे नकाशावरून काढलेलं मला चालणार नाही, कारण आख्खं पुस्तक वेळेवर उभं आहे. एका ट्रकवाल्याशी बोलणं झालंय. तो पुढच्या खेपेला बरोबर घेतो म्हणालाय. परत आलो की दुपारच्या प्रकरणातल्या वेळा पक्क्या करीन आणि खटल्याची पहिली दोन प्रकरणं वाचायला टाकीन.