एलएससुद्धा कोसळतेय? रीबूट करायच्या आधी हे बघा

लिनक्स सर्व्हरवर फाइलींची यादी दाखवणारी एलएस मारली की 'सेगमेंटेशन फॉल्ट', म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे प्रोग्राम बंद. चालू प्रोग्राम दाखवणारी पीएस मारली, तेच. डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ एकदा चालते, दुसऱ्यांदा कोसळते. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यातला ईआरपीचा सर्व्हर असो नाहीतर कॉलेज रोडवरच्या सीए ऑफिसातला टॅलीच्या बॅकअपचा लिनक्स डबा, असं झालं की सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन येतो आणि समोरचा पहिल्याच वाक्यात विचारतो, "रीबूट मारू का?"

नका मारू. जे प्रोग्राम आधीपासून चालू आहेत, त्यात डेटाबेसही आला, ते बहुतेक वेळा अजून व्यवस्थित चालत असतात. लिब-सी म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्राम जिच्यावर चालतो ती मूळ लायब्ररी. तिची फाइल डिस्कवरच बिघडली असेल तर रीबूटनंतर इनिट हा पहिला प्रोग्रामच उठणार नाही, कर्नल पॅनिक होईल (सिस्टिमचा गाभाच थांबेल) आणि चालू असलेला डेटाबेसही हातचा जाईल. उलट दोष रॅमचा असेल तर रीबूटने तो तात्पुरता झाकला जाईल, पुरावा पुसला जाईल आणि थोड्या दिवसांनी तेच दुखणं परत येईल, तेही बहुधा डेटा खराब करून. दोन्हीकडून तोटाच.

पहिलं काम म्हणजे उघडं असलेलं एसएसएच सेशन (सर्व्हरवरचं दूरचं लॉगिन) जपणं. ते बंद केलं तर नवीन लॉगिन मिळेलच याची खात्री नाही, कारण नव्या लॉगिनला नवा शेल (कमांड घेणारा प्रोग्राम, बहुधा बॅश) लागतो आणि तोही त्याच लिब-सीवर उभा असतो. उघड्या शेलमध्ये बॅशच्या अंगभूत कमांड मात्र चालतात, त्यांना बाहेरचा प्रोग्राम लागत नाही. एलएसच्या जागी 'इको' आणि पुढे ताऱ्याचं चिन्ह (*), की त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं मिळतात. कॅटच्या जागी व्हाइल-रीडचा छोटा लूप लिहून फाइल ओळीओळीने वाचता येते. 'टाइप'ला लहान ए दिला की एलएस नेमकी कुठून उचलली जातेय, मध्ये एलियस (कमांडला दिलेलं दुसरं नाव) आहे का, हे समजतं. 'किल' अंगभूतच आहे. एवढ्यावर अर्धं निदान होतं.

मुळात दोष एलएसमध्ये किंवा कॅटमध्ये जवळपास कधीच नसतो. त्या ज्याच्यावर उभ्या आहेत त्यात असतो: लिब-सी, लायब्ररी जोडून देणारा लोडर, वाटेत जोडली जाणारी मॉड्यूल, डिस्क, रॅम, किंवा कुणा परक्याने बदलून ठेवलेली फाइल. यातलं काय, हे ओळखायला आधी कमांड कोणत्या सिग्नलने मेली ते बघायचं. कमांड कोसळल्यावर लगेच 'इको डॉलर प्रश्नचिन्ह' करा. आलेल्या आकड्यातून १२८ वजा केले की सिग्नलचा नंबर मिळतो. १३९ म्हणजे सिग्नल ११, नेहमीचा सेगफॉल्ट. १३५ म्हणजे सिग्नल ७, बस एरर. १३२ म्हणजे सिग्नल ४, प्रोसेसरला न समजणारी सूचना. १३७ आला तर कमांड कोसळलेली नाही, तिला कुणीतरी मारलंय, बहुधा मेमरी संपल्यामुळे कर्नलच्या ओओएम किलरने. १२६ आणि १२७ म्हणजे अनुक्रमे 'चालवता येत नाही' आणि 'सापडली नाही'. ते वेगळेच प्रश्न आहेत. कमांड कोसळत नाही, नुसती लटकते, तेव्हा नेटवर्कवरून जोडलेला एनएफएस फोल्डर मेलाय का ते बघा.

आता कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेज. ती चालत नसेल तर लॉग फोल्डरमधली 'मेसेजेस' किंवा 'सिसलॉग' फाइल वरच्या लूपने वाचा. प्रत्येक सेगफॉल्टची एक ओळ असते: प्रोग्रामचं नाव, प्रोसेस नंबर, कोणत्या पत्त्यावर अडलं, आयपी (चालू सूचनेचा पत्ता, नेटवर्कचा आयपी नव्हे), एसपी (स्टॅकचा पत्ता), मग 'एरर ४' असा आकडा, आणि शेवटी 'इन लिबसी' वगैरे लायब्ररीचं नाव व चौकोनी कंसात तिचा सुरुवातीचा पत्ता. या ओळीवरून पटकन नजर फिरवून पुढे जाऊ नका. एरर ४ म्हणजे प्रोग्रामने नसलेल्या पानावरून (पान म्हणजे मेमरीचा एक तुकडा) वाचायचा प्रयत्न केला. ६ म्हणजे नसलेल्या पानावर लिहायचा. ७ म्हणजे पान आहे, पण तिथे लिहायची परवानगी नाही. १४ आला, जो सोळाच्या पायातला आकडा आहे, तर प्रोग्राम भलत्याच पत्त्यावरची सूचना चालवायला गेला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जागा. दर वेळी लायब्ररी वेगळ्या पत्त्यावर बसते, म्हणून आयपीचा आकडा दर वेळी वेगळा दिसणारच. तेव्हा आयपीमधून कंसातला सुरुवातीचा पत्ता वजा करा आणि ती वजाबाकी पाच-सहा ओळींसाठी कागदावर मांडा. प्रत्येक वेळी तीच लायब्ररी आणि तीच वजाबाकी आली, तर त्या फाइलचा ठरावीक तुकडा बिघडलाय. आज लिब-सी, उद्या लिब-सेलिनक्स, मध्येच पायथन, आणि वजाबाकी कुठेच जुळत नाही, तर रॅम, उष्णता किंवा पॉवर सप्लायकडे वळा.

दुसरी तितकीच कामाची चाचणी म्हणजे स्टॅटिक बिझीबॉक्स. हा एकच प्रोग्राम आहे, त्यात एलएस, सीपी, माउंट, व्हीआय सगळं असतं, आणि स्टॅटिक असल्यामुळे त्याला लिब-सीची फाइल लागतच नाही. डेबियन आणि उबंटूत 'बिझीबॉक्स-स्टॅटिक' नावाचं पॅकेज आहे. एरवी रूटच्या फोल्डरमध्ये त्याची प्रत ठेवून द्यावी, ऐन वेळी ती आणायची कशी हाच प्रश्न होऊन बसतो. बिझीबॉक्सची एलएस सुरळीत आणि सिस्टिमची एलएस कोसळतेय, तर दोष लायब्ररीच्या थरात. बिझीबॉक्सही कोसळतोय, तर हार्डवेअर.

लायब्ररीच्या थरात शिरल्यावर आधी बघायची फाइल म्हणजे ईटीसीमधली 'एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड'. बहुतेक सर्व्हरवर ती नसतेच. असेल, तर तिच्यात लिहिलेली लायब्ररी प्रत्येक डायनॅमिक प्रोग्रामला सक्तीने चिकटते, आणि तीच खराब असली की झाडून सगळ्या कमांड पडतात. काही सुरक्षा एजंट इथे प्रामाणिकपणे नोंद करतात, घुसखोराची लपून राहणारी रूटकिटही इथेच घर करतात. आतला मजकूर टिपून घ्या आणि मग शेलच्या 'पेक्षा मोठं' (>) चिन्हाने फाइल रिकामी करा. त्याला कोणताही प्रोग्राम लागत नाही. रूट असूनही परवानगी नाकारली गेली, तर बहुधा फाइलवर इम्युटेबलचा (बदलू न देणारा) शिक्का असतो. तुमच्या बिझीबॉक्समध्ये सीएचॲटर असेल तर त्याने तो काढता येतो, पण तुम्ही स्वतः तो लावलेला नसेल तर सावध व्हा, पुढे त्याबद्दल आहे.

एक प्रकार वरवर गूढ वाटतो: साधी एलएस चालते, लांब यादीची एलएस-एल कोसळते. कारण लांब यादीत मालकाचं नाव दाखवावं लागतं, त्यासाठी लिब-सी 'एनएसस्विच' फाइल वाचून एलडॅप, एसएसएसडी वगैरे वापरकर्त्यांची नावं बाहेरून आणणाऱ्या सेवांची मॉड्यूल लोड करते. एलएसला एल ऐवजी एन दिला की नावांऐवजी आकडे दाखवले जातात आणि मॉड्यूलची गरज पडत नाही. एन चालली आणि एल पडली, की एनएसस्विचमधल्या 'पासवर्ड' आणि 'ग्रुप'च्या ओळींत 'फाइल्स' तेवढं ठेवून बघा. आयडी, सुडू, क्रॉन सगळे एकदम सुधारतात.

फाइल बदललीय की बिघडलीय हे रेड हॅट घराण्यात पॅकेज बसवणारा आरपीएम सांगतो. ग्लिबसी (यात लिब-सी असते) आणि कोअरयुटिल्स (यात एलएस, कॅट वगैरे) या दोन पॅकेजवर मोठा व्ही चालवा. उत्तरात नऊ जागा असतात. पहिल्या जागेवर एस म्हणजे आकार बदलला, तिसऱ्या जागेवर ५ म्हणजे आतला मजकूर बदलला, आणि शेवटून दुसऱ्या जागेवर टी म्हणजे तारीख बदलली. एस, ५, टी तिन्ही असतील तर कुणीतरी फाइल बदललीय. आकार तोच, तारीख तीच, फक्त ५ आला, तर ते माणसाचं काम असण्याची शक्यता कमी. तो बिट उलटल्याचा खुणावणारा पुरावा आहे, डिस्कवर किंवा रॅममध्ये. ओळीत सी दिसला तर ती कॉन्फिगरेशनची फाइल, तिथे बदल असणारच. डेबियन-उबंटूत 'डीपीकेजी व्हेरिफाय' आहे, पण ते नेहमीच्या फाइलींचा फक्त मजकूर पडताळतं, त्यामुळे आकार-तारखेचा हा फरक त्यातून मिळत नाही.

डिस्क की रॅम, हे ठरवायची एक सोपी युक्ती फार थोडे लोक वापरतात. लिब-सी फाइलचं शा-२५६ बेरीजचिन्ह (मजकुरावरून निघणारा ठसा) आधी नेहमीसारखं काढा. हे वाचन रॅममधल्या पेज कॅशमधून होतं. मग फाइल कॉपी करणाऱ्या डीडीला 'आयफ्लॅग डायरेक्ट' देऊन तीच फाइल कॅश टाळून थेट डिस्कवरून वाचा आणि ते शा-२५६ला पाइप करा. क्रम हाच ठेवा, कारण जुन्या कर्नलवर काही फाइल सिस्टिममध्ये थेट वाचनाने कॅशमधली प्रत निघून जाते. दोन्ही चिन्हं सारखी, पण पॅकेजमधल्यापेक्षा वेगळी, तर डिस्कवरची फाइल खराब. थेट वाचलेलं बरोबर आणि कॅशमधलं चूक, तर डिस्क ठीक आहे आणि रॅममधली प्रत सडलीय. असा सर्व्हर रीबूट करून 'बरा झाला' म्हणून सोडून देणं म्हणजे डेटाबेसच्या पानांवर जुगार खेळणं.

रॅमचा संशय पक्का झाला की डेटाबेस नीट बंद करा आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. एक एरर आली तरी रॅम नापास. 'एकच तर आली' हे चालत नाही. एकेक स्टिक काढून तपासा, कारण कधी स्टिक चांगली आणि स्लॉट खराब असतो. खऱ्या सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी) असते आणि तिच्या चुका कर्नलच्या एडॅक मोजणीत किंवा हार्डवेअरवर नजर ठेवणाऱ्या आयपीएमआयच्या इव्हेंट लॉगमध्ये नोंदल्या जातात, तिथे आधी बघा. आपल्याकडे मात्र कितीतरी ठिकाणी असेंबल केलेला डेस्कटॉपच सर्व्हर म्हणून चालतो. त्यात ईसीसी नसते आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणं) चालू ठेवलेलं असतं. ते पहिल्यांदा बंद करा. मशीन शॉपला लागून असलेल्या खोलीत तेलाचा धूर आणि ग्राइंडिंगची धूळ पंख्यांवर आणि हीटसिंकवर चिकट थर धरते. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो तेव्हा हाच थर महागात पडतो. ब्लोअर मारायचा तर मशीन बंद करून, पंखा बोटाने अडवून.

बस एरर आली असेल तर डिस्क बघा. प्रोग्रामची पानं डिस्कवरून गरजेपुरतीच उचलली जातात. ते वाचन फसलं की कर्नल प्रोग्रामला सिग्नल ७ देतो आणि डीमेसेजमध्ये इनपुट-आउटपुट एरर लिहितो. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलच्या यादीत ५, १९७ आणि १९८ या ओळींचे कच्चे आकडे शून्य हवेत. १९७ वर आकडा दिसला तर फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी एफएससीके चालवायची घाई करू नका. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, केबल बदला. हा आकडा परत शून्यावर येत नसतो, केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का तेवढं बघायचं.

सिग्नल ४ बहुधा व्हर्च्युअल मशीन जुन्या होस्टवर हलवल्यावर येतो. रेड हॅट ९ आणि त्याच्या घराण्यातल्या आल्मा, रॉकीला एक्स८६-६४-व्ही२ दर्जाचा प्रोसेसर लागतो. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर जुन्या मशीनचा सीपीयू प्रकार 'केव्हीएम६४' राहिला असेल तर तो बदलला की प्रश्न मिटतो.

अर्धवट अपग्रेड हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. वळवाचा पाऊस, लाइट जाते, यूपीएसची बॅटरी तीन वर्षं जुनी, आणि नेमकी त्याच वेळी यम (पॅकेज अपग्रेड करणारी कमांड) चाललेली. काही लायब्ररी शून्य आकाराच्या होतात, तेव्हा लोडर 'फाइल टू शॉर्ट' म्हणतो. आत नुसती शून्यं भरली गेली असतील तर 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' म्हणतो. दुरुस्ती रेस्क्यू पेनड्राइव्हवरून करायची. त्यात गेल्यावर सीएचरूट (मूळ डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरणं) करायचा मोह आवरा, कारण सीएचरूटमधला शेलही त्याच मोडक्या लिब-सीवर चालेल. त्याऐवजी रेस्क्यूमधल्या आरपीएमला 'रूट' पर्यायाने मूळ डिस्कचा मार्ग द्या आणि ग्लिबसी, ग्लिबसी-कॉमन ही त्याच आवृत्तीची पॅकेज 'रिप्लेसपॅकेजेस' लावून एकत्र बसवा. ३२ बिटची ग्लिबसी असेल तर तीही त्याच आवृत्तीची हवी. मग एलडीकॉन्फिगला लहान आर देऊन तोच मार्ग, आणि एसईलिनक्स (सुरक्षेचा जादा थर) चालू असेल तर मूळ फोल्डरमध्ये 'डॉट ऑटोरिलेबल' नावाची रिकामी फाइल. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे त्याची पॅकेज आता व्हॉल्ट या जुन्या पॅकेजच्या साठ्यातून घ्यावी लागतात.

कुणी सीपीने चालू लिब-सीवर नवी फाइल कॉपी केली असेल तरी हेच होतं. सीपी जुन्या फाइलच्या जागेवरच लिहिते, म्हणून तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्राम त्या क्षणी पडतात. आरपीएम वेगळ्या नावाने फाइल लिहून मग नाव बदलतो, त्यामुळे जुने प्रोग्राम जुन्या प्रतीवर शांतपणे चालू राहतात.

आणि परका शिरला असेल तर? एलएस, पीएस, नेटस्टॅट, टॉप एवढ्याच कमांड पडतायत आणि बाकी ठणठणीत, ही त्याची खूण. बदललेले प्रोग्राम भलत्याच लिब-सीसाठी बनवलेले असतात, म्हणून कोसळतात. अशा फाइलवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी कमांड) चालवू नका, ती संशयित प्रोग्रामला चालवू शकते. रीडईएलएफने वाचा. त्या सर्व्हरवरच्या आरपीएमवरही विश्वास नको, डिस्क बाहेरून तपासा. सर्व्हर-इन्फ्रास्ट्रक्चरवरचे असे हल्ले केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवणं एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. चार फाइली बदलून तोच सर्व्हर पुढे चालवणं मला मान्य नाही. नेटवर्क काढा, डिस्कची प्रत ठेवा, नव्याने इन्स्टॉल करा, बॅकअपमधून फक्त डेटा आणा, आणि त्या सर्व्हरवरून ज्या-ज्या मशीनवर लॉगिन झालं तिथले पासवर्ड आणि एसएसएच किल्ल्या बदला.