भिगवण: धुकं आणि रोहित एकाच सकाळी मिळत नाहीत

भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर धुक्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, टिपायला निघण्याआधी पेपरात उजनीचा पाणीसाठा किती टक्के आहे ते बघा. नावाड्याने फोनवर आम्हाला ठणकावून सांगितलं होतं, "या साहेब, हजारो फ्लेमिंगो आहेत, अगदी काठाला." डिसेंबर संपत आलेला, धरण तुडुंब, आणि काठाला एकही रोहित नाही. त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. कालव्यांतून पाणी सुटून पातळी उतरली की तो चिखल उघडा पडतो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी हे फार उशिरा होतं, आणि तोवर दाट धुक्याचे दिवस सरलेले असतात. दोन्हींची हमी देणारा माणूस थापा मारतोय.

नावेचं भाडं फोनवर नावेचं होतं, काठावर ते माणशी झालं. पहाटेच्या अंधारात कोण वाद घालणार? म्हणून नाव किती वेळ, किती जण, एकूण किती, हे आदल्या रात्रीच मेसेजवर लिहून घ्या. त्याहून संताप आला तो पट्टकादंबांच्या थव्यात मोटर घातली तेव्हा. हिमालय ओलांडून आलेले पक्षी आपल्या एका फोटोसाठी उठवायचे? मोटर बंद करून बांबूने नाव रेटणारा नावाडीच घ्या. तसेही आहेत तिथे, आणि पक्षी त्यांनाच जवळ येऊ देतात.

धुक्यात लांबच्या पक्ष्यावर मोठी लेन्स लावून उपयोग नाही, मधलं सगळं धुकंच फोटोत येतं. जवळचे शेकाटे, जाळ्यांच्या काठ्यांवर बसलेले सुरय असे पक्षी टिपा. सूर्य समोर ठेवा. कॅमेरा धुक्याला करडं करून टाकतो, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण-एक स्टॉप वर न्या. फोकस भरकटतो, एकच पॉइंट ठेवून पक्ष्याच्या कडेवर धरा. गार कॅमेरा उबदार गाडीत उघडा ठेवू नका, दव धरतं.



पुण्याहून पहाटे निघून येऊ मात्र नका. गळीत हंगामात सोलापूर रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या धुक्यात अचानक पुढ्यात येतात. एकीमागे आमची गाडी जेमतेम थांबली. रात्री कुंभारगावातच मुक्काम करा. घरगुती सोय होते, माशाचं जेवण उत्तम असतं आणि काठ चालत गाठता येतो.