फ्लँज जोड, नोंद ३: दाबाचा शंकू

मागच्या वेळी एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टची ताठरता, म्हणजे एक मिमी ताणायला लागणारं बल, काढली होती: डोक्यापर्यंत आटे, ताणाचं क्षेत्रफळ ३६.६ चौ. मिमी, पकड (बोल्टने आवळलेली एकूण जाडी) २० मिमी, उत्तर मिलिमीटरला ३.८ लाख न्यूटन. आता बोल्टखाली आवळल्या जाणाऱ्या १० मिमीच्या दोन पोलादी फ्लँजची पाळी.

इथेच खरी मेख आहे. बोल्टचं क्षेत्रफळ ठरलेलं असतं, पण फ्लँजचा किती भाग दाब घेतो? रोएत्शरने १९२७ साली दाब डोक्याखालून शंकूसारखा पसरतो असं धरलं, बोल्टच्या अक्षाशी ४५ अंशांत. तसं केलं तर फ्लँजची ताठरता मिलिमीटरला २३.७ लाख न्यूटन येते. आता बहुतेक जण घेतात तो ३० अंश घेतला तर १६.७. वाइलमन, चौधुरी आणि ग्रीन यांचं १९९१चं घातांकी सूत्र १६.८ देतं. दोन वेगळ्या वाटांनी इतकं जवळ आल्यावर मी ३० अंशच पक्के केले. म्हणजे जोड उघडत नाही तोवर बाहेरच्या ओढीचा जेमतेम साडेअठरा टक्के वाटा बोल्टवर येतो.

रविवारी मार्किंग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारी निळी) लावून एकच बोल्ट आवळला आणि पुन्हा सोडला. भोकाभोवती निळीचा गोल ठसा उमटला होता, कडेला पुसट. बाहेरच्या बाजूला मात्र तो फ्लँजच्या कडेवर चक्क कापला गेलेला! हिशोबही तेच सांगतो: मधोमध शंकूची त्रिज्या पावणेबारा मिमी, माझ्या फ्लँजची कडा भोकाच्या मध्यापासून ९ मिमीवर. शंकू सगळीकडून १८ मिमी व्यासावर छाटला असं धरून पुन्हा गणित केलं, तरी १५.१ लाख आले. भीती होती तेवढी घट नाही, कारण धातू सर्वाधिक दबतो तो डोक्याच्या लगेच खाली, जिथे शंकू अरुंद असतो.

मग दोन फ्लँजच्या मध्ये दीड मिमी रबरी गॅस्केट (गळती रोखणारा थर) घालून पाहिलं, कागदावरच. रबराचा स्थितिस्थापकता गुणांक ६९ मेगापास्कल धरला, तर त्याची ताठरता फक्त १७ हजार. एकामागोमाग लावलेल्या स्प्रिंगांत सर्वांत मऊ स्प्रिंगच चालते, त्यामुळे बोल्टवरचा वाटा थेट ९५ टक्क्यांवर! कोनावर घालवलेल्या तीन संध्याकाळी इथे निकालात निघाल्या.

म्हणून सपाट गॅस्केट रद्द. खाच पाडून ओ-रिंग (गोल रबरी कडं) बसवायची, धातू धातूला टेकू द्यायचा. खाच बोल्टच्या आतल्या बाजूला, ठशापासून दूर हवी. तेवढी जागा उरते का, ते या आठवड्यात मोजतो.