पाणी उतरलेलं बिट

दुपारी एका लोखंडी पट्टीला भोक पाडत होतो, तर अर्ध्यातच ड्रिलमशीन थांबलं. पाठीवर चापट मारली, सुरू झालं. थोडा कीस बाहेर आला आणि पुन्हा ठप्प. गेले पंधरा दिवस आमचं असंच चाललंय. फक्त चापट दिवसेंदिवस मोठी होत गेली आहे. जाळीतून आत डोकावलं की निळसर ठिणग्या गोल फिरताना दिसतात, जळका वासही येतो. म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले. एवढं मला कळतं.

मशीन स्वस्तातलं आहे. "नवीनच घे ना एकदाचं," असं घरातून दोनदा सांगून झालं आहे, आणि हिशेब घरच्यांचाच बरोबर आहे. चिमटीत मावतील अशा कार्बनच्या दोन तुकड्यांसाठी अख्खी दुपार घालवायची, तर त्या दुपारची मजुरी धरावी लागेल. मी ती धरत नाही. दुपार माझीच, तिला मजुरी कोण देणार?

स्वस्त हत्यारं वाईट नसतात, अर्धवट असतात, असं माझं एक लाडकं मत आहे. व्हाइस, म्हणजे तुकडा घट्ट धरून ठेवायचा शिकंजा, आणला तेव्हा त्याचा सरकता जबडा डुलायचा. आवळला की पुढून वर उचलायचा आणि धरलेला तुकडा तिरपा व्हायचा. खोलून पाहिलं तर आत ओतकामाची वाळू तशीच चिकटलेली, खाचेच्या कडांना बोट कापेल असे बर, म्हणजे धातूचे धारदार कंगोरे, आणि ग्रीसच्या जागी मेणासारखं पिवळं काहीतरी. वाळू खरवडली, कानशीने बर काढले, खाचेत पातळ पत्र्याची पट्टी सरकवली, नवं ग्रीस भरलं. तेव्हापासून गप्प बसलाय. आता याला दुरुस्ती म्हणायची का? मोडलेलं तर काहीच नव्हतं. कारखान्याने काम जिथे सोडलं, तिथून पुढचं मी केलं. महागड्या व्हाइसमध्ये हेच काम आधी कुणीतरी निगुतीने करून ठेवलेलं असतं.

अर्थात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तो जबडाच तडकला असता, तर मुकाट्याने नवा व्हाइस आणला असता. बीड वेल्डिंगला सहज दाद देत नाही. सांधा धरला तरी शेजारी नवी चीर पडते. कानशीचंही तसंच, दात गेले की गेले. (टाकत मात्र मी एकही नाही. डब्यात सात-आठ बोथट कानशी आहेत, कधीतरी एखादीचा स्क्रेपर करीन म्हणून. एकीचाही केलेला नाही.)

लहानपणी सुटीच्या दिवशी बाबा ग्राइंडरवर ड्रिलबिटाला धार लावायचे. शेजारी डब्यात पाणी. दोन सेकंद चाकाला टेकवायचं, लगेच पाण्यात बुडवायचं. चुर्र! एकदा ते आत गेले आणि मी बिट उचललं. ठिणग्या इतक्या छान पडत होत्या की दाबतच राहिलो. टोक पिवळसर झालं, मग तपकिरी, जांभळं आणि बघता बघता मोरपिशी निळं. आपल्या हातून काहीतरी फार सुंदर झालं असं वाटून मी ते दाखवायला पळत गेलो. बाबांनी बिट उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "पाणी उतरवलंस की रे याचं!"

मी डब्यात पाहून आलो. पाणी होतं तेवढंच होतं.

बिट साध्या कार्बन पोलादाचं होतं. ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळं पडतं आणि कडकपणा, म्हणजेच त्याचं 'पाणी', गमावतं. हायस्पीड पोलादाचं बिट ६०० पर्यंत दम धरतं, पण हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले, "निळं आहे तेवढं घासून टाक. मागचं शाबूत आहे." मग तासभर तेच. टेकव, बुडव, बघ. टोकाच्या दोन्ही कडा सारख्या यायला हव्यात. एक लांब राहिली की भोक बिटापेक्षा मोठं पडतं. माझी राहिली. बोल्ट त्या भोकात डुलायला लागला. बाबांनी काही न बोलता त्यावर मोठा वॉशर घातला.

अजूनही कुणी कुणाचं पाणी जोखायच्या गोष्टी करायला लागलं की मला तो निळा रंग दिसतो.

तर ड्रिलमशीन. शेवटी खोललं. एक ब्रश नखाएवढा उरलेला, दुसरा अजून चांगला निम्मा शिल्लक. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. मग एकावरच एवढा भार का आला असेल, याचा विचार करत दुसऱ्याला जरा हलवलं, आणि त्याच्यामागची स्प्रिंग टण्णकन उडाली. कुठे गेली ते दिसलं नाही, आवाज कपाटाच्या बाजूने आला. टॉर्च घेऊन पालथा पडलो. पट्टीने कपाटाखालचं सगळं बाहेर ओढलं. धुळीचे गोळे, एक वॉशर, पेनाचं टोपण आणि एक स्प्रिंग.

पण ही ती नाही.